आकसपट्टी

आमच्या धंद्यातली पट्टी खोटी असते.
बाजारातल्या फुटाशेजारी आमचा फूट धरा,
ज्वारीच्या दाण्याएवढा मोठा भरेल.
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच थोरला करायचा.
जे जाणार आहे ते धरूनच माप घ्यायचं.

उद्यमनगरात हे मी तेहतीस वर्षं शिकवलं.
शिकली आणि गेली पोरं.
एक चाकणला, दोन होसूरला,
माझा स्वतःचा जर्मनीत,
तिथनं तो मला बर्फाचे फोटो पाठवतो.
त्यांचं जाणं कुठल्या पट्टीत धरायचं
ते माझ्या उस्तादानं सांगितलं नव्हतं.

मग आली शुभदा येजरे.
कडगावच्या पुढचं हेदमाळ,
पहाटेची एस.टी., डब्यात नाचणीची भाकरी,
आणि रंध्यावर हात असा
की ढलपी अख्खी निघायची,
खालच्या पेपरातली बातमी वाचता यावी इतकी पातळ.

दीड वर्षानं तिलाही चाकणचं पत्र आलं.
पेढे आणले तिनं. मी एक खाल्ला.
दुसरा हातात धरून विचारलं, "पगार?"
तिनं सांगितला.
"खोली वजा कर. मेस. येणं-जाणं."
तिनं केलं, पेन्सिलीनं, सागवानाच्या तुकड्यावर.
आकडा आकसला.
दोघंही बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो.

बोलला तो बाजी डवर,
दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर, बुशिंग करून न्यायला आलेला:
"येताना कॅन भरल्यात, जाताना मोकळे वाजवत नेतो.
तुमचं लाकूड बसंल की त्यात."

एवढंच. योजना-बिजना काही नव्हती.
दूध संस्थेनं पेंडीचं जुनं गोदाम दिलं,
भाडं म्हणून संस्थेच्या खुर्च्या नीट करून द्यायच्या.
मी जुना लेथ दिला, हप्त्यानं.
फुकटचं लवकर गंजतं.
थ्री फेज तिथं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री.
रात्रीच्या आठवड्यात
गाव बॅटरी घेऊन मोटारी सोडायला निघतं
तेव्हा ही लेथ सोडते.

पहिलाच पॅटर्न फौंड्रीतून परत आला.
शिरोलीचा मालक फोनवर जे बोलला
ते इथं लिहीत नाही.
दीड मिलिमीटर कमी.
मी तिची पट्टी तपासली, बरोबर होती.
आषाढात हेदमाळला भिंतींना शेवाळ धरतं,
लाकूड पाणी पिऊन फुगतं,
फौंड्रीच्या धगीला आलं की सुकतं.
म्हणजे शहरात आल्यावर
लाकूडसुद्धा आकसतं.

तिनं दुसरी पट्टी केली, पितळेची.
मागं खरवडलं: "फक्त श्रावणापर्यंत."
तेहतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं,
लागलं नव्हतं म्हणा.

आता गोदामात चौघं आहेत. पाच होते.
तुषार दिवाळीला पुण्याला गेला,
त्याचा रंधा खिळ्याला टांगलाय, कुणी घेत नाही,
शुभदा महिन्यातून एकदा त्याला तेल लावते.
शनिवारी मी बाजीशेजारी बसून जातो,
पाठीमागं मोकळ्या कॅनांचा कल्लोळ.
पोरं मोबाइलवर माझं ड्रॉइंग फिरवून दाखवतात,
"काका, हा कोपरा चुकलाय."
चुकलेला असतो.

परवा एका पंपाच्या कव्हरवर,
बोल्टाच्या भोकाजवळ, एक बारीक अक्षर दिसलं.
वाळूत ते उलटं उमटलं असणार,
लोखंडात पुन्हा सुलटं झालं.
ड्रॉइंगमध्ये नव्हतं.
शिरोलीच्या मालकानं चष्मा वर केला.
"हे काय?"

मी म्हटलं, तेच. वाचलात की.
हे.